चाकाच्या पाठीमागचा लाल रंग

ती घटना डोक्यातून गेलेली नाही, म्हणून आजही गाडीत बसण्याआधी मी खाली वाकतो आणि चाकांचे नट बघतो. बायको म्हणते, "निवृत्त झालात, आता तरी सरळ उभे राहा." ज्या केसमध्ये आपण एका निरपराध माणसाला दोन दिवस लाकडी बाकावर बसवलं, ती केस सेवानिवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर संपत नाही.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कुणाचंही नाव इथे देत नाही. माणसं अजून तिथेच नांदतात आणि मी अधूनमधून त्यांच्याकडे चहाला जातो.

सकाळी अकराच्या सुमारास ठाणे अंमलदाराने वर्दी दिली. घोडेगावकडून डिंभ्याला जाणाऱ्या रस्त्यावर एक चारचाकी रस्त्याकडेच्या चारीत उतरली होती. आम्ही पोचलो तेव्हा गाडी डाव्या कुशीवर कलली होती, आणि तिचं पुढचं डावं चाक पन्नासेक पावलांवर शेताच्या बांधाला टेकून उभं होतं. चाक लालभडक रंगवलेलं होतं. चालक तरुण होता, त्याला फक्त खरचटलं होतं. शेजारी बसलेली त्याची बायको मात्र गाडीत अडकली होती. तिला डिंभ्याला माहेरी सोडायला तो निघाला होता, कारण त्या बाजूला एसटीचा भरवसा नाही. तिची मांडी आणि कमरेचं हाड मोडलं होतं. मंचरहून तिला पुण्याला हलवलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की ती पुन्हा नीट चालेल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही.

चालक महाळुंगे पडवळजवळच्या एका वाडीचा. चाकणला कंपनीत कामाला, आठवडाभर तिकडेच राही आणि सुट्टीला घरी येई. घरी वडील, बायको आणि चार एकर रान. दवाखान्याच्या व्हरांड्यातच त्याने फिर्याद दिली.

"साहेब, स्टेअरिंग थरथरत व्हतं. मी मिस्त्रीला फोन केला व्हता. तो म्हनला, काय नाय, सुट्टीला आलास की गाडी घिऊन ये. हिला सोडून तिकडंच जानार व्हतो. त्यानंच चाकं काढली व्हती, त्यानंच बसवली. त्यानंच माझ्या बायकोचा घात केला."

हा मिस्त्री त्यांच्याच भावकीतला. रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. अपघाताच्या साधारण पाच आठवडे आधी गाडी त्याच्याकडे गेली होती, स्टेअरिंगच्या थरथरण्यासाठीच. त्याने चारही चाकं काढून बॅलन्सिंग केलं होतं. म्हणजे चाक फिरवून त्याची जड बाजू शोधायची आणि समोरच्या बाजूला रिमच्या कडेवर शिशाचा छोटा तुकडा ठोकायचा, की दोन्ही बाजू सारख्या होतात.

मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. ब्रेक ठीक, स्टेअरिंगचे सांधे ठीक. निखळलेल्या चाकाचा एकही नट जागेवर नव्हता आणि रिमची भोकं घासून लांबट झाली होती. उरलेल्या तिन्ही चाकांचे नटही सैल निघाले. माझं लक्ष तिथेच अडकलं. एका चाकाचे नट आवळायचे राहिले असते तर विसरभोळेपणा म्हटला असता. चारही चाकांचे सैल म्हटल्यावर माझ्यातला पोलीस जागा झाला.

त्याच संध्याकाळी ठाण्यात एक गृहस्थ आले. कपाळावर टिळा, हातात पिशवी, आवाज अगदी खालच्या पट्टीतला. असे खबर देणारे प्रत्येक ठाण्याला असतात. त्यांना काही मागायचं नसतं, फक्त आपल्याला ठाऊक आहे हे साहेबांना ठाऊक व्हावं एवढंच असतं.

"साहेब, माझं नाव कुठं यायला नको. पन त्या मिस्त्रीचं आन त्या पोराच्या म्हाताऱ्या बापाचं इहिरीच्या पाळीवरनं लई वाजलेलं हाय. सा वर्सं झाली, एकमेकाच्या दारात पाय न्हाई. येवढं इचारून बघा."

मी विचारून बघितलं. खरं निघालं. सामाईक विहीर, पाण्याच्या पाळ्या, एका उन्हाळ्यात मोटार कुणी आधी चालू केली यावरून झालेली शिवीगाळ. म्हाताऱ्याने तेव्हापासून बोलणं टाकलं होतं. मुलगा तेवढा गॅरेजात जाई, कारण आसपास दुसरं गॅरेज नव्हतं.

झालं. हेतू मिळाला, संधी मिळाली, सैल नट तर मुद्देमालातच होते. मी मनातल्या मनात दोषारोपपत्र लिहायलाही घेतलं. आमचे हवालदार जुन्नरकडचे, घरी ट्रॅक्टर बाळगणारे आणि यंत्राबद्दल सगळं कळतं असं मानणारे. तेही म्हणाले, "साहेब, ह्यात आता बघायचं काय राह्यलंय?" हवालदार आणि मी एका मताचे झालो की काहीतरी चुकतंय, हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा, किडकिडीत, नखांत काळं ग्रीस. अटक दाखवली नाही, पण घरीही सोडलं नाही. दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर बसवला, संध्याकाळी घरी पाठवला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बोलावला. हे तंत्र आम्ही सगळेच वापरायचो. बसून बसून माणूस मऊ होतो असा आमचा समज. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत काय झालं, तर गावाने त्याचा निकाल लावून टाकला. गॅरेजातल्या दोन गाड्या लोक ढकलत घेऊन गेले. बाई जिवंत होती, तरी शेडच्या पत्र्यावर कुणीतरी कोळशाने खुनी असं लिहिलं. त्याची बायको डबा घेऊन ठाण्यात आली तेव्हा डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला होता. तिने डबा बाकावर ठेवला, आणि आमच्यापैकी एकाकडेही न बघता गेली.

मी त्याला खोलीत घेऊन विचारलं, "भांडण होतं की नाही?"

"व्हतं."

"बोलणं बंद होतं?"

"पोराच्या बापाचं, तात्यांचं बंद व्हतं. ते दिसले की मी रामराम घालायचो. ते घ्यायचे न्हाईत."

"मग नट सैल का सोडलेस?"

"न्हाई सोडलं, साहेब. येक येक नट आवळून वर खडूची रेघ मारतो मी. वस्तादानं शिकवलेलं हाय." मग खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं ते फोनवर. पोरगं म्हनलं, थरथर पुन्ना सुरू झाली. मला वाटलं शिशाचा तुकडा पडला आसंल. किती स्पीडला थरथरतीया, येवढं इचारलं न्हाई. ते इचारलं आसतं तर गाडी जाग्यावर उभी कर म्हनलो आसतो."

"स्पीडचा काय संबंध?"

"हाय ना. बॅलन्सिंगची थरथर सत्तर-ऐंशीला येती. हळू चालवली की जाती. पोरगं पयल्यांदा आलं तवा तशीच व्हती. रानातला गाळ रिमच्या आत सुकून बसला व्हता, तो खरवडला, शिसं ठोकलं, गाडी लोन्यावानी चालली. पन नट सैल आसतील तर तीस-चाळीसलाबी हादरतं, वळणाला टकटक वाजतं, आन रोज वाढत जातं. तुमी पोराला इचारा, कंची थरथर व्हती."

मी पुण्याला दवाखान्यात फोन लावून मुलाला विचारलं. तो म्हणाला, या वेळी हळू चालवतानाही हादरत होतं, वळणावर टकटक येत होतं. आणि मग आपणहून म्हणाला, पोळ्यानंतर सुरू झालं. मिस्त्रीकडून आणल्यावर तीन आठवडे गाडी चाकणला रोज पळत होती, हूं की चूं नाही.

तीन आठवडे! मिस्त्रीने नट सैल सोडले असते तर ते तीन आठवडे कसे टिकले? हा प्रश्न मला दोन दिवस आधी पडायला हवा होता. पण एकदा विहिरीची गोष्ट कानात शिरली, की दुसरं काही आत जायला जागाच उरली नव्हती.

मिस्त्री पुन्हा बाकावर जाऊन बसला. समोर आवारात ते चाक मुद्देमालाची चिठ्ठी लावून भिंतीला टेकवलं होतं. दुपारी मी जेवून आलो तेव्हा तो उठून उभा राहिला.

"साहेब, दोन दिस मी त्याच्याकडं बघतोय. ते चाक येकदा पालथं करता का?"

पहिल्या दिवशी मी त्याच्यावर खेकसलो असतो. त्या दुपारी मात्र दोन पंच बोलावले, हवालदाराला मोबाईलवर चित्रण करायला सांगितलं आणि चाक पालथं केलं. मिस्त्री गुडघ्यावर बसला. हात लावायची परवानगी मागितली, मग बोटाने दाखवायला लागला.

चाकाची मागची बाजूही लाल होती. रिमचा जो सपाट भाग गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी चकतीला टेकतो, तिथेही जाड लाल थर होता. तो जागोजागी सुरकुतला होता आणि नटाच्या भोकांभोवती चुरा होऊन उडालेला होता.

"हितं लोखंडाला लोखंड भिडाया पायजे," मिस्त्री म्हणाला. "मधी रंग आला, त्योबी वला, की नट आवळला तरी त्यो रंगावर आवळतो. गाडी चालली की रंग दबतो, चुरा व्हतो, आन नट आपसूक ढिल्ला पडतो. कुणी सोडाय लागत न्हाई."

"रंग तू दिलास?"

रिमच्या कडेवर त्याने ठोकलेला शिशाचा तुकडा होता, त्यावर त्याने बोट ठेवलं. तुकडासुद्धा लाल होता. हवालदाराने पंचांसमोर पक्कडीने तो उचकटला. खाली रिमचा मूळचा चंदेरी रंग, तुकड्याच्याच आकाराचा, स्वच्छ.

एवढं बघून मला दुसरं काही विचारायचं उरलं नाही. शिसं आधी ठोकलं होतं, रंग नंतर लागला होता. मागची बाजू रंगवायची तर चाक काढावंच लागतं. म्हणजे मिस्त्रीनंतर चारही चाकं कुणीतरी काढली होती. पुरवणी पंचनामा केला, मिस्त्रीला चहा सांगितला आणि जीप काढली. हवालदारांनी वाटेत जीप थांबवून चारही चाकांचे नट स्वतः तपासले. त्यांच्यासारख्या माणसाचं ते फार मोठं प्रायश्चित्त होतं.

वाडीत म्हातारा एकटाच होता. सत्तरीचा, उंच, पाठीत किंचित वाकलेला. रिकाम्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला होता. आत खुंटीला बैलांच्या घुंगरमाळा टांगलेल्या, दावण मात्र मोकळी. गोठ्यापुढच्या फरशीवर मला चार लाल वर्तुळं दिसली. चाकं वाळत ठेवल्याची खूण. मी काही विचारण्याआधीच त्याने माझी नजर पकडली.

"पोळ्याला रंगिवली व्हती," तो म्हणाला. आवाजात अजून थोडा अभिमान होता. "बैलं इकून दोन वर्सं झाली, साहेब. पयल्या वर्सी पोळ्याला म्या दार लावून बसलो. गावात बैलं मिरवत्यात आन आपली दावण सुनी, बघवत न्हाई. औंदा सूनबाई म्हनली, मामा, आता गाडी हाय ना, गाडीचा पोळा करू. सासऱ्याला मामा म्हनती ती. मग आदल्या दिशी जॅक लावला, येक येक चाक काढलं, धुतलं आन रंगिवलं. शिंगांना द्यायचो त्योच लाल रंग."

"मागनं पण?"

"मंग? बैलाचं शिंग म्होरनंच रंगिवतो का आपन? मागली बाजू कोरी ठिवली तर त्यो काय पोळा झाला?"

"वाळू दिला होता?"

"कुटला वाळतोय. दिस मावळायच्या आत भुरभुर आली पावसाची. सकाळी पूजा. तसाच बसविला. पन नट म्या पान्यावर हुभा राहून आवळलं, साहेब. पोरगं त्या खेपेला गाडी घरी ठिवून कामाला गेलं व्हतं, सकाळी यष्टीनं चाकनवरनं आलं, त्याला काय ठावं न्हाई. त्यो म्हनला, आबा, गाडी नवरीवानी दिसतीया."

मी टोपी काढून हातात घेतली. खोटं बोलता आलं असतं, क्षणभर तसं मनातही आलं. पण तिकडे बाकावर एक माणूस बसलेला होता आणि त्याच्या शेडवर कोळशाने खुनी लिहिलेलं होतं.

बोलायची वेळ आलीच नाही. म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग फरशीवरच्या वर्तुळांकडे. मग स्वतःच्या हातांकडे. नखांच्या कडेला लाल रंग अजून होता.

"म्हंजी... माज्या हातनं झालं व्हय हे?"

मी सांगितलं. रंग, हब, नट, जसं मिस्त्रीने मला समजावलं तसंच. तो ऐकत होता आणि अंगठ्याने नखातला रंग खरवडत होता. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला कुठल्याही गुन्हेगाराला पकडताना कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो उठला. खुंटीवरची टोपी घातली.

"त्याला बसिवलंय न्हवं तुमी? चला."

"बाबा, उद्या या. सावकाश."

"आज बसिवलंय त्याला, तर आजच याया पायजे."

ठाण्याच्या व्हरांड्यात मिस्त्री त्याला बघून उभा राहिला आणि सहा वर्षांच्या सवयीप्रमाणे म्हणाला, "रामराम, तात्या."

म्हाताऱ्याने हात जोडले. "रामराम," तो म्हणाला. मग सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "चाकं म्या काढली व्हती. म्याच बसिवली. ह्याचा कायबी दोष न्हाई. लिवा साहेब."

मिस्त्रीने त्याचा हात धरून त्याला बाकावर आपल्या शेजारी बसवलं. "तात्या, रंग बेस दिला व्हता. फकस्त जितं चाक टेकतं तितं द्यायचा नसतो, येवढंच," तो म्हणाला. म्हातारा मग लहान मुलासारखा रडला. हवालदार पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

जबाब मी जसा होता तसा लिहिला. त्यात काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. घातपाताचा संशय निराधार असल्याचा अहवाल वर पाठवला. सुनेचा जबाब घ्यायला मी स्वतः पुण्याला गेलो. म्हातारा रोज पहिल्या एसटीने तिथे येई, वॉर्डाच्या दाराबाहेर उभा राही आणि आत न जाता परत जाई. ती पलंगावर पाय टांगलेल्या अवस्थेत होती. सगळं ऐकून म्हणाली, "साहेब, माझी कुणावर तक्रार नाय. रंगाचा डबा मीच धरून उभी व्हते. लिहा तसं. आन मामांना आत पाठवा, भाईर का उभं केलंय त्यांना?"

माझ्या अहवालावर वरिष्ठांनी आणि न्यायालयाने पुढचं जे ठरवलं त्यात कुणाला तुरुंग बघावा लागला नाही. पण माझ्या हिशेबी एक काम राहिलं होतं. मी गणवेशात, भर बाजाराच्या दिवशी त्या गॅरेजवर गेलो, लोकांसमोर मिस्त्रीची माफी मागितली आणि पत्र्यावरचं ते कोळशाचं अक्षर ओल्या बोळ्याने पुसलं. तो लाजला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या राव साहेब, पाऊस पुसल." मी म्हणालो, पावसाने नव्हतं लिहिलं.

या केसने मला काय शिकवलं? आम्ही पोलीस गुन्हा घडला की पहिलं विचारतो, याचं वैर कुणाशी होतं. बऱ्याच वेळा तेच बरोबर ठरतं आणि म्हणूनच सवय लागते. त्या गाडीवर जीव लावणाराही कुणी असेल, त्याला विचारावं, हे मला सुचलंच नाही. त्या गाडीला शेवटचा हात मायेचा लागला होता. मी तीन दिवस रागाचा हात शोधत बसलो. त्यानंतर माझ्या हाताखाली जो जो नवीन अधिकारी आला, त्याला मी सांगत आलो की बाकावर बसलेल्या माणसालाच एकदा पुरावा दाखवा. बहुतेक वेळा तो खोटं बोलेल. एखाद्या वेळी तो म्हणेल, चाक पालथं करा.

पुढच्या वर्षी भादव्याच्या अमावस्येला, तिकडे पोळा भादव्यातच असतो, मला वाडीतून पोळ्याचं आमंत्रण आलं. गेलो. गोठ्यापुढे गाडी जॅकवर होती. मिस्त्रीने दोन दिवस आधीच चाकं काढून, मागची टेकायची जागा कागद आणि चिकटपट्टीने झाकून ठेवली होती. रंग कडकडीत वाळला होता. म्हातारा मात्र लांब उंबऱ्यावर बसून होता. मुलगा म्हणाला, वर्षभर त्यांनी गाडीला बोट लावलेलं नाही, आत बसतही नाहीत.

मिस्त्रीने चाक चढवलं, नट हाताने फिरवले आणि पाना उचलला. तेवढ्यात सून काठी टेकत बाहेर आली. पाय अजून ओढत होती, पण चालत होती. तिने मिस्त्रीच्या हातातला पाना मागून घेतला, हळूहळू गोठ्यापर्यंत गेली आणि म्हाताऱ्यापुढे धरला.

"मामा, तुमीच आवळा. मला माहेरी जायाचंय."

म्हाताऱ्याने पाना हातात घेतला. मग उठला. एकेक करून चारही चाकांचे नट त्याने आवळले, प्रत्येक वेळी पान्यावर उभं राहून. मागोमाग मिस्त्री खडू घेऊन फिरला आणि प्रत्येक नट तपासून बघितला. एकही जागचा हलला नाही. मग ती पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसली.